रोझा बॉनरचं 'घोड्यांचा बाजार' नीट कसं बघायचं

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार रोझा बॉनरचं हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे बघितलेलं असणार, एखाद्या पुस्तकात, कॅलेंडरवर नाहीतर फोनवर स्क्रोल करताना. पॅरिसमधला झाडांचा रुंद रस्ता, त्यावरून वळण घेत चाललेले धिप्पाड घोडे, कोणी घोड्यावर बसलंय, कोणी लगाम धरून पायी ओढला जातोय, मधेच एक घोडा पुढचे पाय उचलून उभाच राहिलाय. बघितलं, भारी आहे म्हटलं, पुढे गेलो. मीपण कितीतरी वर्षं असंच केलं. मग एकदा त्यातला फक्त एकच घोडा पेन्सिलने उतरवायला बसले आणि दोन तास कुठे गेले ते कळलंच नाही. तेव्हापासून ज्यांना कुणाला हे चित्र दाखवते त्यांना अशाच पद्धतीने दाखवते, आणि तीच पद्धत इथे लिहितेय.

सुरुवातीलाच एक विनंती. ह्या चित्राबद्दल कुठेही वाचायला घेतलं की पहिल्याच ओळीत येतं की रोझा बॉनर पुरुषांचे कपडे घालून बाजारात जायची. गोष्ट खरी आहे, महत्त्वाची आहे, आणि मी ती खाली सांगणारच आहे, पण ती आधी वाचली की मग लोक चित्र बघतच नाहीत, पँटबद्दलच बोलत बसतात. तिने पँट कशासाठी घातली होती, तर कुणाच्या नजरा न झेलता घोडे बघता यावेत म्हणून. मग आपणही आधी घोडेच बघूया.

तयारी

सगळ्यात आधी चांगली इमेज मिळवा. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि ह्या म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स सगळ्यांसाठी फुकट खुल्या केल्यात, त्यामुळे त्यांच्याच साइटवरून डाउनलोड करून घ्या. सर्चमध्ये वर दिसेल ती इमेज उचलू नका, एखादी पिवळट झालेली असते, एखादी कडेने कापलेली असते, आणि ह्या चित्राच्या कडा कापल्या की सगळा तोल जातो. फोनवरही बघू नका प्लीज, लॅपटॉप घ्या, जमलं तर टीव्हीला जोडा. सोबत एक साधी पेन्सिल, पाच-सहा कोरे कागद आणि एक तास. तास म्हणजे खरंच तास, आणि फोन दुसऱ्या खोलीत.

आता मापाचं बघू. चित्र २४४.५ सेंमी उंच आणि ५०६.७ सेंमी रुंद आहे, म्हणजे साधारण आठ फूट उंच आणि साडेसोळा फुटांच्या जरा वर रुंद. हे आकडे वाचून काहीच होत नाही, म्हणून एवढं करा, मेजरिंग टेप घ्या आणि एखाद्या मोठ्या भिंतीवर नाहीतर जमिनीवर ह्या मापाचे चार कोपरे खडूने खरोखर मार्क करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मार्क केलेल्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले आणि मगच डोक्यात शिरलं की हे चित्र एका नजरेत मावणारं नाहीच, त्याच्या समोरून आपल्याला चालावं लागतं. स्क्रीनवर आपण ते बोटाएवढं करून बघतो आणि मग म्हणतो की काहीतरी गजबज आहे.

पहिली दहा मिनिटं: घोडे जातात कुठे

चित्र पूर्ण स्क्रीनवर लावा आणि काही वाचू नका, झूम करू नका. फक्त बोट हवेत धरून घोड्यांची वाट काढा. डाव्या बाजूने सुरू करा, पुढे कुठला घोडा आहे, त्याची मान कुठे वळलीय, त्याच्या पुढचा कुठे बघतोय, मग उजवीकडे गेल्यावर मागे झाडांखाली काय चाललंय. दोन-तीनदा बोट फिरवलं की लक्षात येतं की ही सरळ मिरवणूक नाही, हा गोल आहे, म्हणजे गोलाचा मोठा तुकडा आहे, विकायला आणलेले घोडे गिऱ्हाइकांसमोर फिरवून दाखवतायत. घोडा विकत घेताना तो उभा बघून भागत नाही, तो चालवून बघावा लागतो, पळवून बघावा लागतो, लंगडतो का, दम लागतो का. म्हणजे ही सगळी धावपळ उगाच नाटक म्हणून केलेली नाही, तो बाजाराचा रोजचा कारभार आहे.

आता पहिला कागद. २० सेंमी रुंद आणि १० सेंमीपेक्षा किंचित कमी उंच चौकट आखा, मूळ चित्राचं प्रमाण साधारण दोनास एक असंच आहे. त्यात घोडे काढायचे नाहीत. प्रत्येक घोड्यासाठी फक्त एक बाण काढायचा, पाठीपासून डोक्याकडे. बास. माणसं नाहीत, झाडं नाहीत, फक्त बाण. दोन मिनिटांत होतं. आणि मग त्या बाणांकडे बघा, बहुतेक बाण एका वळणात वाहतायत आणि मधेच एखाद-दुसरा बाण सरळ वर गेलाय. ते मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे. वाहत्या पाण्यात दगड आल्यावर पाणी जसं त्याच्या बाजूने उसळतं तसं तिथे होतं, आणि तुमची नजर बरोब्बर तिथेच अडकत होती ते का, हे कागदावर दिसतं.

पाय

हा माझा सगळ्यात आवडता भाग, इथे घाई करू नका.

आता झूम करा आणि फक्त पाय बघा, चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वर जाऊच नका. आधी एवढं माहीत असू दे, की घोडा चालताना चारही पाय वेगवेगळे टाकतो, चार ठोके ऐकू येतात. दुडकी चालीत मात्र तिरपी जोडी एकत्र उचलतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा, त्यामुळे दोनच ठोके, टप-टप टप-टप. भरधाव पळताना हिशोब परत वेगळा. तर आता एकेक घोडा घ्या आणि ठरवा की हा चालतोय, दुडकतोय, बिथरलाय का थांबवला जातोय. काही घोड्यांचे पाय दुसऱ्याच्या पायांमागे लपलेत, तिथे हा पाय नक्की कुणाचा हे शोधायला वेळ लागतो आणि तो वेळ द्या, कारण ह्या शोधातच डोळा तयार होतो.

तुलना करायची असेल तर जेरिको ह्या फ्रेंच चित्रकाराचं १८२१ मधलं एप्सम डर्बीचं चित्र उघडा, ते पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे. त्यात शर्यतीचे घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगतायत, अगदी उडी मारणाऱ्या सशासारखे. सुंदर चित्र आहे, पण घोडा तसा पळत नाही. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात. बॉनरने तिचं चित्र ह्या फोटोंच्या पंचवीस वर्षं आधी दाखवलं. तिच्याकडे फोटो नव्हते, डोळे होते. आणि तिने भरधाव पळणारा घोडा निवडलाच नाही, डोळ्याला पकडता येईल अशा वेगाचे घोडे निवडले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

हे तिला जमलं कसं तर दीड वर्षं, आठवड्यातून दोनदा, ती ह्या बाजारात जाऊन स्केचेस करत होती. त्याच्या आधीपासून पॅरिसच्या कत्तलखान्यांत जाऊन जनावरांची हाडं, स्नायू, शिरा बघून अभ्यास केलेला. त्यामुळे पुठ्ठ्यांवरचा, म्हणजे घोड्याच्या मागच्या गोलसर भागावरचा, स्नायू कुठे फुगतो आणि गुडघ्याखाली पाय कसा एकदम सुका, हाडाचा होतो ते तिला पाठ होतं. कुठलाही एक मागचा पाय घ्या आणि वरून खाली सावकाश नजर फिरवा, मांडी, मग तो मागे निघालेला कोपरा, मग खालचा सरळ भाग, मग खूर. तो मागचा कोपरा म्हणजे गुडघा नाही हं, ती घोड्याची टाच आहे, गुडघा वर पोटाजवळ असतो. एवढं कळल्यावर घोडा काढणं निम्मं सोपं होतं.

दुसरा कागद इथे वापरा. एक पाय काढा. एकच.

हात

पाय झाले की माणसांचे हात. प्रत्येक माणसासाठी एकच प्रश्न विचारायचा, हा हाताने काय करतोय. लगाम तोंडाजवळ आखूड धरलाय का लांब सोडलाय, एका हाताने दोन घोडे सांभाळतोय का, हात वर कशाला उचललाय. मग त्याचं अंग कुठे झुकलंय ते बघा. घोडे पर्शेरॉन जातीचे आहेत, फ्रान्समधल्या पर्श भागातले, ओझं ओढणारे. आजचा मोठा पर्शेरॉन ८०० ते १००० किलो सहज भरतो. असं जनावर ओढून थांबवता येत नाही, त्याचं डोकं वळवूनच त्याला थांबवावं लागतं, आणि हे चित्रात जागोजागी दिसतं, माणसं ताकदीने नाही जिंकत आहेत, वजन टाकून आणि डोकं वळवून कसंबसं निभावून नेतायत.

स्वारांच्या मांड्या बघा. हे काही तालेवार लोक फिरायला निघालेले नाहीत, अंगात कामाचे सैल डगले आहेत, बाह्या वर केलेल्या आहेत. खोगीर आणि रिकीब शोधायचा प्रयत्न करा म्हणजे कळेल की हे लोक बसलेत ते मांड्यांच्या पकडीवर. आणि शेपट्या बघा, बऱ्याच घोड्यांच्या शेपट्या वर बांधून टाकल्यात. गाडीच्या घोड्याची शेपटी साजात अडकू नये म्हणून बांधतात, आणि बाजारात त्याचा अजून एक फायदा, गिऱ्हाइकाला पुठ्ठे मोकळे दिसतात. ओझ्याचा घोडा घेताना माणूस आधी तेच बघणार.

ह्या घोड्यांना त्या काळात मागणी केवढी होती त्याचाही विचार करा. शहरातली प्रत्येक हलणारी गोष्ट घोड्यावर चालायची, दगड, दारू, कोळसा, माणसं. १८५३ मध्ये ओसमान पॅरिसचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला मुख्य अधिकारी, झाला आणि शहराचे मोठे भाग पाडून नवीन रस्ते काढायला सुरुवात झाली, १८५५ मध्ये शहरातल्या सगळ्या ऑम्निबस, म्हणजे घोड्यांनी ओढायच्या बसगाड्या, एका कंपनीखाली आल्या, त्या ओढायला मुख्यतः पर्शेरॉनच. म्हणजे तुम्ही चित्रात जे बघताय ते पॅरिसचं इंजिन आहे, आणि ते विकायला रस्त्यावर उभं आहे.

पांढरा रंग पांढरा नाहीये

आता मागे सरका, खुर्ची दोन-तीन मीटर मागे घ्या आणि डोळे अर्धे मिटा, पापण्यांतून बघा. बारीकसारीक सगळं निघून जातं आणि फक्त उजेड आणि काळोख उरतो. नाही जमलं तर इमेजची कॉपी करून ब्लॅक अँड व्हाइट करा, तेच होतं. मागची झाडं गडद पडद्यासारखी आहेत आणि त्या पडद्यावर पांढरे-करडे घोडे उजळून पुढे येतात, आणि त्यांच्यात मधेमधे काळे-तपकिरी घोडे घातलेत ते पांढऱ्याला अजून पांढरं करायला. पर्शेरॉन बहुतेक करडे नाहीतर काळेच असतात, म्हणजे तिने हे रंग मनाने आणले नाहीत, पण कुठला कुणाशेजारी उभा करायचा ते तिने ठरवलंय.

मग परत जवळ जा आणि एका पांढऱ्या घोड्याच्या अंगावर जास्तीत जास्त झूम करा. पांढरा शोधा. सापडतो का? मला तरी निळसर करडा, पिवळट, तपकिरी, गुलाबीची झाक असंच काय काय सापडत जातं आणि एकदम पांढरा फक्त जिथे ऊन थेट पडलंय तिथे, तोही थोडाच. त्या काळी तैलचित्रात पांढरा म्हणजे मुख्यतः शिशाचा पांढरा, तो जाड लावता येतो, ब्रशच्या केसांच्या रेघा त्यात तशाच राहतात, त्यामुळे उजेडाच्या जागा नुसत्या रंगाने नाही तर रंगाच्या जाडीनेही पुढे येतात. सावलीत मात्र रंग पातळ. सब्जा, म्हणजे करड्या, घोड्यांच्या पुठ्ठ्यांवरचे ते गोल-गोल ठिपके पण बघा, ते एकेक रंगवलेले वाटतात पण उजेडाकडे जाताना विरघळत जातात. (करडा घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाप्रमाणे पांढरा होत जातो, त्यामुळे ठिपक्यांवरून घोडेवाला वयाचा अंदाज बांधतो. चित्रातल्या घोड्यांची वयं अशी लावून बघायला मजा येते.)

सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात तेही आत्ताच बघून घ्या आणि कागदाच्या कोपऱ्यात सूर्य कुठे असेल तिथे एक गोळा काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

शहर कुठे आहे

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका मैत्रिणीने विचारला होता, म्हणाली शहर-शहर म्हणतेस पण इथे तर झाडंच आहेत. बरोबर आहे तिचं. हा रस्ता म्हणजे पॅरिसचा बुलवार द लोपिताल, आणि शहर शोधायचं असेल तर डावीकडे, मागे लांब बघा. तिथे एक छोटा घुमट आहे. तो सालपेत्रिएरच्या चॅपेलचा घुमट, सतराव्या शतकातला, लिबेराल ब्रुआँ नावाच्या आर्किटेक्टचा. सालपेत्रिएर हे नाव आलंय सोऱ्यावरून, बंदुकीची दारू करायचा सोरा, आधी तिथे दारूचा कारखाना होता, मग त्या जागेवर गरीब, आजारी आणि मनाने आजारी ठरवलेल्या बायकांना ठेवायचं प्रचंड मोठं हॉस्पिटल झालं. बॉनर बाजारात उभी राहून स्केच करायची तेव्हा त्या भिंतींच्या आत हजारो बायका होत्या. मी हे कळल्यानंतर ह्या चित्राकडे बघताना दर वेळी आधी तो घुमट शोधते, त्याशिवाय पुढे जाववत नाही.

आणि शहर अजून एका ठिकाणी आहे, उजवीकडे झाडांखाली उंचवट्यावर उभी राहिलेली माणसं, ती गिऱ्हाइकं आणि बघे. त्यांचे कपडे आणि खाली घोड्यांशी झटणाऱ्यांचे कपडे शेजारी शेजारी ठेवून बघा. इमारती न काढताही शहर असं दाखवता येतं, ह्यात मला तिची खरी ताकद दिसते, तिने घरं काढली असती तर आपली नजर खिडक्या मोजत बसली असती.

चेहरे, आणि आता ती पँटची गोष्ट

सगळ्यात शेवटी चेहरे बघा, मुद्दाम शेवटी, कारण माणसाचा चेहरा दिसला की डोळा दुसरीकडे जायला तयार होत नाही. बहुतेक माणसांचं लक्ष घोड्यांकडे आहे. मधल्या भागात, स्वारांच्या गर्दीत, एक टोपीवाला चेहरा शोधा, दाढीमिशी नसलेला, जो घोड्याकडे नाही तर सरळ आपल्याकडे बघतोय. सापडला की थांबा तिथे. काही इतिहासकारांच्या मते ती रोझा बॉनर स्वतः आहे.

तर आता गोष्ट. पॅरिसमध्ये १८०० सालच्या पोलिसांच्या हुकमाप्रमाणे बाईला पुरुषाचे कपडे घालायचे असतील तर पोलिसांकडून परवाना काढावा लागायचा, डॉक्टरच्या सहीसकट. बॉनरने तो काढला होता. तिचा १८५७ चा परवाना अजून टिकून आहे, सहा महिन्यांसाठीचा, आणि त्यात अट अशी की ह्या वेषात नाटकाला, नाचाच्या कार्यक्रमाला किंवा लोकांच्या अशा इतर जमण्याच्या ठिकाणी जायचं नाही. घोडेबाजार आणि कत्तलखाना ही पुरुषांची जागा, तिथे झगा घालून वही घेऊन उभी राहिलेली बाई म्हणजे सगळ्यांच्या टोमण्यांचं आणि नजरांचं टार्गेट, मग काम कसं होणार. आणि चिखलात, खुरांच्या मधे लांब झगा म्हणजे धोकाच. तो हुकूम रद्दबातल असल्याचं फ्रान्सच्या सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ मध्ये, ह्यावर मी काय बोलू.

ही गोष्ट आता वाचल्यावर परत एकदा पायांकडे जा. आधीच सांगितली असती तर ती एका धाडसी बाईची गोष्ट झाली असती. आता ते पाय, ते पुठ्ठे, ती लगामाची पकड बघून झाल्यावर कळतं की त्या वेषात ती दीड वर्षं नेमकं काय बघत होती.

शेजारी काय ठेवून बघायचं

एक म्हणजे अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या भिंतीवरची घोडेस्वारांची शिल्पपट्टी, अडीच हजार वर्षांपूर्वीची, तिचा मोठा भाग लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बॉनर ह्या चित्राला स्वतःची पार्थेनॉनची पट्टी म्हणायची. दोन्ही इमेज एकाखाली एक लावा. दगडात खोली जेमतेम काही सेंटिमीटर आहे तरी घोड्यांमागे घोडे, पायांमागे पाय असे थर लावलेत, आणि बॉनरच्या चित्रात तोच थरांचा खेळ आहे, फक्त तिने पट्टी सरळ न ठेवता वळवली. मगाशी काढलेला बाणांचा कागद इथे परत बघा.

दुसरं, जेरिकोने रोममधल्या बिनस्वाराच्या घोड्यांच्या शर्यतीची चित्रं केली, १८१७ ची, तीही शहराच्या रस्त्यात घोडे आवरणाऱ्या माणसांचीच. तिथे माणसं जवळजवळ पुतळ्यासारखी, उघड्या अंगाची. बॉनरकडे तीच झटापट डगले आणि टोपी घालून आलीय. मला बॉनरची जास्त जवळची वाटते, पण जेरिको न बघता असं म्हणू नका.

तिसरं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं छोटं 'घोड्यांचा बाजार', १८५५ चं, साधारण १२० बाय २५५ सेंमी. मूळ चित्रावरून छापण्यासाठी एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र, करायचं होतं आणि एवढं मोठं चित्र समोर ठेवून ते करणं अवघड, म्हणून तिची आयुष्यभराची जोडीदार नाताली मिकास आणि तिने मिळून हे लहान रूप केलं. दोन्ही शेजारी लावून फरक शोधा, आभाळ, जमीन, झाडं. मूळ चित्रातही बॉनरने १८५५ मध्ये परत हात फिरवलाय, म्हणूनच त्याची तारीख १८५२ ते १८५५ अशी देतात, जरी १८५३ च्या पॅरिस सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ते लोकांनी बघितलं होतं आणि डोक्यावर घेतलं होतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. तिच्या जन्मगावाला, बोर्दोला, तिने ते कमी किमतीत देऊ केलं होतं, त्यांनी घेतलं नाही, मग गाम्बार नावाच्या डीलरने ४०,००० फ्रँकला घेतलं, इंग्लंडमध्ये फिरवलं, राणी व्हिक्टोरियाने बघितलं, पुढे ते अमेरिकेत गेलं आणि १८८७ च्या लिलावात कॉर्नेलियस व्हॅन्डरबिल्ट ह्या अमेरिकन धनाढ्याने घेऊन लगेच म्युझियमला देऊन टाकलं. आपल्याला आज त्याची फाइल फुकट मिळते ती त्यामुळे.

प्रत्यक्ष समोर उभं राहायची संधी मिळाली तर

आधी लांब, सात-आठ मीटरवर उभं राहा, पूर्ण चित्र डोळ्यात येईपर्यंत. मग डाव्या कडेला जाऊन चित्राच्या समोरून उजवीकडे अगदी सावकाश चाला, घोड्यांच्या दिशेने. मग एक मीटरवर या, पण दोरी किंवा रेष आखलेली असेल तर तिच्या अलीकडेच. व्हार्निशवर दिवे चमकतात आणि एखादा घोडा पुसल्यासारखा होतो, तेव्हा चिडू नका, दोन पावलं बाजूला सरका, आणि त्याच तिरक्या उजेडात रंगाची जाडी पण दिसून जाईल, जी स्क्रीनवर कधीच दिसणार नाही. फोटो काढायचा तर सगळं बघून झाल्यावर. पेन्सिल चालते का ते आधी गार्डला विचारा, पेन बहुतेक म्युझियममध्ये चालत नाही.

शेवटचा कागद

आता लॅपटॉप बंद करा. परत तीच २० बाय १० ची चौकट, आणि आठवणीतून काढा. चांगलं काढायचं नाहीये, काय राहिलंय डोक्यात ते काढायचंय. आधी वळण, मग उभा राहिलेला घोडा, मग झाडांचा पडदा, मग सूर्य कुठे होता ते. पंधरा मिनिटांत जेवढं येईल तेवढं. मग स्क्रीन उघडा आणि शेजारी ठेवा.

जे सुटलंय त्यावर लाल पेन्सिलने गोल करा. मी ज्यांच्याकडून हे करून घेतलं त्यांच्यातल्या बहुतेकांचा घुमट सुटतो आणि उजवीकडची बघी माणसं सुटतात, पांढरे घोडे मात्र सगळ्यांचे येतात. माझं पहिल्या वेळी दोन घोड्यांचे मिळून सात पाय झाले होते, आठवा पाय मागच्या घोड्याच्या आड होता आणि मी तो बघितलाच नव्हता. कागदावर तारीख घालून ठेवा, महिन्याभराने चित्र न उघडता परत एकदा काढा, आणि मग पाय मोजा.